दारातले खांब

केळीवाल्याच्या घरात कपड्यांच्या दोन दोऱ्या असतात. एक अंगणात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. दुसरी मागे गोठ्याजवळ, बागेतल्या कपड्यांची. केळीचा चीक अंगावर उडतो तेव्हा पाण्यासारखा असतो, काही दिसत नाही. वाळला की तपकिरी होतो, मग काळा, आणि एकदा काळा झाला की सोडा लावा, लिंबू चोळा, दगडावर आपटा, कापड फाटेल पण डाग हटणार नाही. त्यामुळे आमच्या फैजपूरच्या घरात आईचा पहाराच असायचा. "बागेतलं आंगडं घालून ओट्यावर बसू नको रे बाप्पा, पाहुने येतीन त काय म्हनतीन!" असं ती चुलीपुढून ओरडायची, आणि मी, कॉलेजात शिकणारा आणि स्वतःला फार शहाणा समजणारा मुलगा, मुद्दाम चिकाचा सदरा घालून ओट्यावर बसायचो. कापणीच्या दिवसांत पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक असे. पहाटेपासून भाकरी थापल्याचा आवाज, पाट्यावर मिरची रगडल्याचा ठसका, दुपारी कळण्याची भाकरी आणि डुबुकवड्यांची रस्सेदार भाजी. जेवण झालं की आबा, म्हणजे माझे वडील, मधल्या घरात निळ्या कूलरपुढे आडवे व्हायचे आणि पाच मिनिटांत घोरायला लागायचे. कूलर आणि आबा यांच्यात जास्त आवाज कोणाचा यावर आमच्या घरात एकमत कधी झालं नाही.

आबा गेले. कूलर अजून आहे. त्याची मोटर तीनदा बदलली, पंप दोनदा, गवत दर उन्हाळ्यात; पेटी मात्र तीच. फायबरची, बोटभर जाड, कडेला ब्रशाचे फटकारे दिसतात. ती इस्माईलनं बनवली. आज त्याच्याविषयी लिहायचं आहे आणि मी कूलरभोवती घुटमळतोय, हे मला कळतंय. पण इतकी वर्षं घुटमळतोच आहे, आणखी दोन परिच्छेदांनी काय होणार.

इस्माईल माझा शाळेपासूनचा दोस्त, यावलचा. त्याचे वडील पत्र्याचे डबे आणि पेट्या करायचे. त्यांना मी चाचा म्हणायचो. चाचांचा एक नियम होता, डबा ग्राहकाला देण्याआधी त्यात पाणी भरून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी खालची जमीन हातानं चाचपून बघायची. इस्माईल जळगावला एका कारखान्यात दोन वर्षं फायबरचं काम शिकला आणि परत येऊन बापाच्या दुकानाशेजारीच त्यानं आपली पत्र्याची शेड टाकली. साच्यावर काचेचं कापड अंथरायचं, त्यावर रेझिन लावायचं, ते सुकलं की पुन्हा थर. त्या वासानं माझं डोकं उठायचं. तो मात्र गाणं गुणगुणत ब्रश फिरवायचा. "पत्र्याचा कूलर दोन उन्हाळ्यात सडते," तो म्हणायचा. "मह्या कूलरपुढं तुहे नातू झोपतीन, सुध्या." बाकी सगळं सोडा, पण हे त्याचं बोलणं खरं ठरलं. माझा नातू त्याच कूलरपुढे मोबाईल बघत लोळतो.

या नातवानंच गेल्या आठवड्यात मला एक व्हिडिओ दाखवला. कुठल्या तरी परमुलखातला डोंगरी ओढा, पांढरंफेक पाणी, आणि त्यातून उड्या मारत येणारी एवढीशी होडी. "आजोबा, याला कयाक म्हणतात," तो मला समजावून सांगू लागला. मी म्हटलं, "हो का?" आणि उठून बाहेर गेलो. पोरगं बिचारं बघत राहिलं.

कॉलेजतर्फे मी हिमालयातल्या एका शिबिराला गेलो होतो. तिथे पंधरा दिवस होडी शिकलो, आणि परत आलो तो जणू गंगा मीच खाली आणली अशा तोऱ्यात. इस्माईलला कागदावर होडी काढून दाखवली: दोन्ही टोकं निमुळती, वरून बंद, मधे माणूस बसेल एवढं भोक, हातात दोन पात्यांचं वल्हं. त्यानं पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाला, "कूलर उलटा केला की झालं यार, त्यात काय!" तसं नव्हतं, महिनाभर लागला. पहिली फेकून दिली त्यानं, आतला थर मनासारखा बसला नाही म्हणून. दुसरी झाली ती कूलरच्या उरलेल्या निळ्या रंगाची. चाचांनी त्या होडीतही पाणी भरून रात्रभर ठेवलं आणि सकाळी खालची जमीन चाचपली. कोरडी होती.

सराव आम्ही केला आमच्या शेतातल्या विहिरीत. हसू नका. विहीर जुनी, दगडी, ऐसपैस. दोरानं होडी आत सोडायची, एकानं पायऱ्यांवरून उतरून बसायचं आणि मुद्दाम उलटं व्हायचं. उलटं झाल्यावर पाण्याखालीच वल्हं फिरवून कंबरेच्या झटक्यानं पुन्हा सरळ यायचं, हा त्यातला सगळ्यात अवघड धडा. मला दहातून सहा वेळा जमायचं. इस्माईलला आठ दिवसांत दहातून दहा वेळा जमायला लागलं, हे मी कोणाला सांगत नसे. एकदा आबा मोटर चालू करायला आले, विहिरीत डोकावले आणि कपाळावर हात मारून म्हणाले, "भो, विहिरीत होड्या चालोता? शेतात त तुमच्याच्यानं धड वखर धरवत नाही!" पण रागावले नाहीत. होडीला ते केळफूल म्हणायचे. जाता जाता एकच म्हणाले, "पाण्याशी मस्करी नको रे."

आमचं शेत सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. वरच्या कोपऱ्यात डोंगरातून नाला उतरतो. उन्हाळ्यात त्यात शेळ्या चरतात; पावसाळ्यात डोंगरावर चांगला पाऊस झाला की तोच नाला दगडादगडावरून पायऱ्या उतरल्यासारखा आदळत येतो. आधी पूर, मग तीन-चार तास होडीपुरतं पाणी, मग संपलं. त्या तीन-चार तासांसाठी आमचा जीव टांगलेला असायचा. नाल्याच्या मध्यावर एक डोह होता. डोहाच्या खाली पाणी आणखी तीन उड्या घ्यायचं, आणि शेवटी, आमच्या बांधाच्या तोंडाशी, दोन काळ्या खडकांमधून निघायचं. बैलगाडी जेमतेम जाईल एवढी ती फट. तिला आम्ही दार म्हणायचो.

आता खांबांचं सांगतो. त्या वर्षी आषाढात आमची वरची बाग कापून झाली. घड गेले की उरतात केळीची खोडं, आमच्याकडे त्यांना खांब म्हणतात. पुरुषभर उंच, पाण्यानं जड. आबांनी मला सांगितलं होतं, खांब तुकडे करून खड्ड्यात टाक, खत होईल. तुकडे करणं म्हणजे चार दिवसांचं काम आणि चिकानं अंघोळ. बहुतेक सगळे लोक खांब नाल्यात लोटून देतात, पूर येतो आणि घेऊन जातो. मी आमच्या सालदाराला, जामसिंगला, म्हटलं की गाडी वरच्या कोपऱ्याला लाव आणि तिथूनच लोट. जामसिंग पावरा, त्याच डोंगरातला, तो नाला त्याच्या ओळखीचा. तो म्हणाला, "भाऊ, हे दाराच्या वरतं पडतीन. दारात अटकतीन." मी म्हणालो, "पूर नेईल. तू लोट." दोन दिवस गाड्या खाली होत होत्या. आबांना मी सांगितलं, खड्ड्यात टाकले.

श्रावणातल्या एका सकाळी इस्माईल यावलहून पहिल्या गाडीनं आला. रात्रभर डोंगरावर कोसळत होतं, पूर येऊन ओसरायला लागला होता, पाणी अगदी हवं तसं. ठरलं होतं असं: होडी एकच, तेव्हा डोहापर्यंत एक जण उतरेल, दुसरा काठानं दोर घेऊन पळेल, डोहात बदली. शिबिरातल्या आमच्या गुरुजींनी एक नियम आमच्याकडून रोज घोकून घेतला होता, की जे पाणी पायी चालून पाहिलं नाही त्यात उतरायचं नाही. आधीच्या दिवशी वरचा भाग आम्ही दोघांनी मिळून पाहिला. खालचा मी पाहणार होतो. चिखल फार होता, आईनं खापरावरचे मांडे केले होते, जेवून मी झोपलो.

वरचा भाग मी उतरलो. झकास उतरलो, खोटं कशाला बोलू. दगडामागच्या निवांत पाण्यात होडी वळवून थांबायचं, पुढची उडी नजरेत घ्यायची, मग सुटायचं. डोहात आलो तेव्हा छाती अशी फुगली होती की सदऱ्याची बटणं तुटायची. इस्माईल काठावर नाचत होता. "चल ऊठ, आता मही बारी!" तो होडीत बसला, पाय आत सारले, वल्हं हातात घेतलं आणि विचारलं, "सुध्या, खालचं पाह्यलं ना?"

तेव्हा मला खांब आठवले. हे मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. मला आठवले, अगदी लख्ख, गाडीतून एकेक लोटला जाताना. आणि मनात आलं की रात्रीच्या पुरात गेले असतील. जाऊन बघायला पाऊण तास लागला असता, तोवर पाणी उतरलं असतं. आणि 'नाही पाहिलं' म्हणायची मला लाज वाटली. मी म्हणालो, "अरे, मह्या शेतातलं हाये ते. रोजचं पाहनं." तो हसला आणि सुटला.

पहिल्या दोन उड्या त्यानं माझ्यापेक्षा सफाईनं घेतल्या. तिसरीनंतर नाला वळतो, तिथे तो दिसेनासा झाला. मी दोर खांद्यावर टाकून काठानं पळत होतो, निवडुंगात, चिखलात. त्याची आरोळी ऐकू येईल म्हणून कान लावून. दारातून बाहेर पडलं की आरोळी ठोकायची असं ठरलं होतं. आरोळी आली नाही. आला तो जामसिंगचा आवाज, "भाऊ! ओ भाऊ!"

दार खांबांनी बुजलं होतं. आडवेतिडवे, एकमेकांत सालटं अडकलेले, वर डोंगरातल्या फांद्या. पाणी त्यांच्या खालून आणि मधून जात होतं आणि होडीचं नाक त्यांच्याखाली शिरलं होतं. मागून नाला होडीवर चढत होता. इस्माईल कंबरेपर्यंत होडीत अडकलेला, छाती खांबांवर, उजवा हात होडी आणि खांब यांच्या मधे. तोंड तेवढं पाण्याबाहेर, तेही मधूनच. मी काय केलं? मी उभा राहिलो. दोर माझ्याच खांद्यावर होता. जामसिंगनं तो ओढून घेतला, एक टोक पळसाला बांधलं, दुसरं स्वतःच्या कमरेला, आणि कुऱ्हाड घेऊन खांबांवर चढला. पाय सुटेनात म्हणून त्यानं होडीच फोडायला घेतली. पहिला घाव उसळला. दुसरा उसळला. तिसऱ्यालाही नुसता ओरखडा. तो माझ्याकडे वळून ओरडला, "लई पक्की हाये भाऊ, फुटत नाही!" मग कुठे चौथ्या की पाचव्या घावाला भोकाची कड तडकली, आणि मग मीही उतरलो, आणि आम्ही दोघांनी त्याला ओढून काढलं. हात खांद्यातून नुसता लोंबत होता. इस्माईल शुद्धीवर होता. माझ्याकडे बघत होता आणि दात वाजत होते. शर्टाला पुढून खांबांच्या सालटांचे धागे चिकटलेले.

ट्रॅक्टरनं यावल, तिथून जीपनं जळगाव. दवाखान्याच्या व्हरांड्यात संध्याकाळी आबा आले, चाचाही आले. आबांनी मला दंडाला धरलं आणि विचारलं, "काय झालं? खरं सांग." खरं सांग म्हणाले. खड्ड्यात न टाकलेले खांब, न पाहिलेला नाला, सगळं एका दमात बाहेर पडलं असतं. मी म्हणालो, "होडी उकलली. कच्ची होती."

दोनच वाक्यं. चाचा तिथेच उभे होते. त्या माणसानं टोपी काढली, आबांपुढे हात जोडले आणि म्हणाले, "माफ करा भाऊ. पोरानं कच्चं काम केलं. तुमचा पोरगा बसला असता त मी काय तोंड दाखोलं असतं?" आबांनी त्यांचे हात धरले, म्हणाले, "अहो, पोरं आहेत." आणि मी खाली फरशीकडे बघत राहिलो. जमीन दुभंगून पोटात घेते म्हणतात, ते सगळं खोटं आहे. व्हरांड्याची फरशी होती तशीच राहिली आणि मला त्या माणसाची माफी ऐकावी लागली.

पुढचं आपोआप झालं. होडीचे तुकडे आमच्या अंगणात पडून होते. येणारा-जाणारा बघायचा आणि म्हणायचा, पाहा, अशी उकलली. कुऱ्हाडीचे घाव कोणाच्या लक्षात आले नाहीत, कारण कोणी शोधतच नव्हतं. जामसिंग बोलला नाही. आमचं मीठ खात होता. दुसऱ्याच दिवशी त्यानं न सांगता दार मोकळं केलं. यावलात इस्माईलच्या शेडपुढे लोक कूलर बोटानं वाजवून बघायला लागले. एकानं तर घेतलेला परत आणून टाकला. मी इस्माईलला भेटायला दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी त्यानं प्लास्टरातून बाहेर आलेल्या बोटांकडे बघत विचारलं, "सुध्या, घरी काही सांगतलं का तू?" मी म्हणालो, "काय सांगायचं?" तो म्हणाला, "काही नाही." तिसऱ्यांदा मी गेलो नाही. दिवाळीनंतर कळलं की शेड बंद करून तो धुळ्याला बहिणीच्या नवऱ्याकडे कामाला गेला.

तो व्हिडिओ पाहिल्यावर चार दिवस मला झोप नीट लागली नाही. पाचव्या दिवशी धुळ्याची बस धरली. त्याचं दुकान शोधायला वेळ लागला नाही. फायबरच्या टाक्या आणि दरवाजे करणारा म्हातारा इस्माईल सगळ्यांना माहीत होता. दाढी पांढरी झालेली. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, त्यामुळे वरच्या फळीवरचा डबा त्यानं काठीनं खाली ओढला. मला ओळखलं, लगेच. "सुध्या! म्हतारा झाला रे तू!" चहा मागवला. मी पाठ करून आणलेलं सगळं सांगून टाकलं, खांब, झोप, तो होडीत बसताना मला आठवलेलं, व्हरांडा. त्यानं कप डाव्या हातानं खाली ठेवला.

"हे मले काय सांगतो?" तो म्हणाला. "मी त होडीतच होतो."

"तुला माहीत होतं?"

"अम्मीनं तो शर्ट महिनाभर धुतला. तिले वाटे, रगत हाये. शेवटी मीच म्हटलं, अम्मी राहू दे, केयीचा डाग हाये, जानार नाही." मग म्हणाला, "डोंगरात कुठी हाये रे केयी? मी तवाच समजलो, कोनाचे खांब."

मी विचारलं, मग बोलला का नाहीस. रागावला नाही तो. रागावला असता तर बरं झालं असतं. "मी बोललो असतो त लोक म्हनले असते, आपली चूक झाकते. तू बोलला असता त खरं झालं असतं. दिवायीपर्यंत वाट पाह्यली मी."

"आता सांगतो सगळ्यांना."

"सांग," तो म्हणाला. "पन अब्बा नाही आता." बाहेर कोणीतरी टाकीवर बोटं वाजवून बघत होतं, तिकडे त्यानं एकदा नजर टाकली. "जाईस्तोवर एकच सांगत राह्यले मले. बेटा, काम पक्कं करत जा."

परत आलो तेव्हा दुपार टळली होती. नातू कूलरपुढे झोपला होता. मी कूलरच्या टाकीत सहा बादल्या पाणी भरलं, बाजूला बसलो आणि बऱ्याच वेळानं हात खाली घालून जमीन चाचपली. कोरडी होती. आबा गेले, चाचा गेले, व्हरांड्यात ज्यांनी ऐकलं त्यातलं मी सोडून कोणी राहिलं नाही. म्हणून इथे लिहितो, ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

चाचा, होडी कच्ची नव्हती. जामसिंगची कुऱ्हाड तिच्यावरून तीनदा उसळली. खांब आमच्या बागेतले होते आणि ते तिथे मी टाकायला लावले होते.